राजीनाम्यावर सही करण्याआधी

नागपूर

प्रिय मुली,

काल फोनवर बोलता बोलता तू एकदम गप्प झालीस. तुमच्या प्रकाशनाचा संपादन विभाग पुण्याला जाणार, अक्षरजुळणीचं काम बाहेर देणार, इथे गोदाम आणि विक्री तेवढी राहणार, एवढं सांगितलंस, आणि मग विचारलंस, "ताई, मी कुठे कमी पडले का?"

नाही गं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवर नवी आवृत्ती वेळेत पोचली, ती तू रात्री जागून प्रूफं वाचलीस म्हणून. विभाग बंद करायचा की नाही हे ताळेबंद बघून ठरतं. तुझी प्रूफं कोणी उघडूनही बघितलेली नसतात.

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा माझी अकरा वर्षं झाली होती. दुपारी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझ्या नावाचा राजीनामा टाइप करून ठेवलेला, 'वैयक्तिक कारणांमुळे'. आज सही केलीत तर अनुभवपत्र चांगलं देऊ, म्हणाले. माझ्या आडनावातली वेलांटी चुकली होती. हाताच्या सवयीने मी ती दुरुस्त केली आणि खाली सही करून दिली. घरी आल्यावर खूप वेळ पायऱ्यांवर बसून राहिले.

ती सही करायला नको होती. कायद्याने जो 'कामगार' ठरतो, त्याला नोकरकपातीत काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. अकरा वर्षांचे साडेपाच महिन्यांचे पैसे होतात. स्वतःहून राजीनामा दिला की ती कपात राहतच नाही. संपादनातला माणूस 'कामगार' धरायचा का, यावर वाद होतो. पण तिथे हुद्द्याच्या नावापेक्षा तुझं रोजचं काम काय होतं हे बघतात. म्हणून कोणत्या पुस्तकाची किती प्रूफं वाचलीस, कोणत्या तारखेला दिलीस, हे आजच वहीत उतरवून ठेव. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक यांच्या प्रती घरी आण. लेखकांची हस्तलिखितं आणि कंपनीच्या फायली मात्र आणू नकोस, ते आपलं नाही. कागद पुढे केलाच, तर "वाचून उद्या सांगते" एवढंच म्हण. आवाज चढवायची गरज नाही.

अजून एक. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या फायली आजच्या युनिकोडमध्ये घेताना रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी शेजारच्याला चिकटते. अशी पुस्तकं तू ओळ न् ओळ ताळून सरळ केलीस. ही विद्या फार थोड्यांना येते. अर्जात 'मुद्रितशोधन' एवढ्यावर भागवू नकोस, हे नीट लिही.

आणि बाइंडिंगमधल्या काकांकडे लक्ष दे. परवा रस्त्यात भेटले, म्हणाले, "ताई, आता आमचं कसं होईन?" ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायच्या रकमेचं, त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. पाच वर्षं भरली असतील तर राजीनामा दिला तरी ती मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26 ने भागायचा, 15 ने गुणायचा, मग वर्षांनी. म्हणजे 26,000 असतील तर वर्षामागे 15,000. तीस दिवसांत हातात पडायला हवी. तू त्यांच्या शेजारी बसून कागदावर आकडा काढून दे. नाही मिळाली तर कामगार आयुक्तांचं कार्यालय नागपुरातच आहे, मी त्यांच्यासोबत जाईन.

रविवारी सकाळी सगळे कागद घेऊन घरी ये. त्याआधीच केबिनमध्ये बोलावलं, तर आत जाण्याआधी मला फोन कर. बर्डीवरून तुझ्या ऑफिसला यायला मला वेळ लागत नाही. मी बाहेर बाकावर बसून राहीन.

तुझी,
ताई