अमेरिकेतला प्रश्नमंजुषा घोटाळा उघडकीस आलाच नसता, तर जुने गेम शो आणि त्यांचे सूत्रसंचालक कसे असते?

प्रश्नकर्त्याने विचारले आहे की, १९५०च्या दशकातला अमेरिकी दूरचित्रवाणीवरचा घोटाळा दडपला गेला असता, तर गेम शोंचे, त्यांच्या सूत्रसंचालकांचे आणि पुढे आपल्याकडच्या ‘कौन बनेगा करोडपती’चे काय झाले असते. माझे मत असे की गेम शो टिकले असते आणि बक्षिसांच्या रकमाही कदाचित अधिक लवकर वाढल्या असत्या. परंतु सूत्रसंचालक उरला नसता. त्याच्या जागी, शेवट आधीच ठाऊक असलेल्या नाटकातला एक नट उभा राहिला असता. हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण त्या जागेवर मी स्वतः एकदा उभा राहिलो आहे.

‘ट्वेंटी वन’ या अमेरिकी प्रश्नमंजुषेचा पहिला भाग सप्टेंबर १९५६मध्ये प्रामाणिकपणे सादर झाला, स्पर्धकांना बहुतेक उत्तरे आलीच नाहीत आणि प्रायोजक संतापला. त्यानंतर निर्माता डॅन एनराइट याने स्पर्धकांना उत्तरे आधी देण्यास सुरुवात केली. हर्ब स्टेम्पेल या स्पर्धकाला केस कसे कापायचे, कोणता सूट घालायचा आणि बंद काचेच्या खोलीत घाम कसा टिपायचा, हेही शिकवले गेले. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याला चार्ल्स व्हॅन डोरेन या नव्या स्पर्धकापुढे हरायला सांगण्यात आले, आणि ज्या प्रश्नावर चुकायचे होते त्याचे उत्तर ‘मार्टी’ हा त्याचा आवडता चित्रपट होता. हे सर्व ज्याच्या तोंडून घडत होते, तो सूत्रसंचालक जॅक बॅरी एनराइटचा व्यवसायातला भागीदार होता. माझ्या दृष्टीने खरा दोष इथेच आहे. प्रश्न विचारणारा आणि निकालातून नफा कमावणारा हे दोघे एकच असतील, तर प्रेक्षकांच्या वतीने उभे राहणारे तिथे कोणीच राहत नाही.

आता माझा प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात पेठापेठांतून केबलच्या तारा पसरल्या आणि अनेक केबलवाले स्वतःचे छोटे कार्यक्रमही दाखवू लागले. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि गणेशोत्सवाच्या निमित्ताने अशाच एका स्थानिक प्रश्नमंजुषेचे सूत्रसंचालन माझ्याकडे आले. प्रश्न काढण्याचे कामही माझेच होते. महिनाभर मी रोज संध्याकाळी नगर वाचन मंदिरात बसून टिपणे काढली. पुण्याच्या इतिहासावरची फेरी मी विशेष मन लावून तयार केली होती. अंतिम फेरीच्या चार दिवस आधी आयोजकांनी ‘तपासण्यासाठी’ म्हणून माझ्याकडून प्रश्नोत्तरांची टंकलिखित प्रत मागून घेतली आणि मी ती निःशंकपणे दिली.

अंतिम फेरीच्या आदल्या रात्री स्वतःची प्रत वाचताना मला टंकलेखनातली एक चूक सापडली. शनिवारवाड्याला मोठी आग लागली ते वर्ष १८२८. कागदावर मात्र १८३८ पडले होते. मी माझ्या प्रतीत पेनाने दुरुस्ती केली. आयोजकांकडची प्रत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयात चित्रीकरण झाले. अंतिम फेरीत दोन स्पर्धक उरले होते. एक, प्रायोजक दुकानदाराच्या नात्यातला महाविद्यालयीन मुलगा, आणि दुसऱ्या, खडकीहून बसने आलेल्या, दारूगोळा कारखान्यात नोकरी करणाऱ्या एक बाई. शनिवारवाड्याचा प्रश्न माझ्या तोंडून पुरता बाहेर पडण्याआधीच मुलाने बझर दाबला आणि “अठराशे अडतीस” असे ठामपणे सांगितले. त्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला. एखाद्याने अंदाजाने अठराशे पंचवीस म्हटले असते, तीस म्हटले असते. परंतु माझ्या टंकलेखकाची चूक जशीच्या तशी त्याच्या तोंडून आली होती. मी उत्तर चूक असल्याचे जाहीर केले आणि प्रश्न बाईंकडे गेला. त्यांनी शांतपणे “अठराशे अठ्ठावीस” म्हटले. मी गुण दिले. तेव्हा समोरच्या रांगेतून आयोजक उठले आणि सर्वांदेखत म्हणाले, “अहो, कागदावर अडतीस आहे. मुलाचं बरोबर द्या.”

मी नकार दिला आणि चित्रीकरण थांबले. दोन दिवसांनी दुसऱ्या सूत्रसंचालकाला घेऊन अंतिम फेरी पुन्हा चित्रित झाली, तीत बाईंना बोलावलेच नाही, आणि पहिल्या बक्षिसाचा मिक्सर त्या मुलाला मिळाला. मला त्यानंतर कोणी सूत्रसंचालनासाठी विचारले नाही. घरी माझे थोरले बंधू म्हणाले, “लोकांना करमणूक हवी असते. एका मिक्सरसाठी एवढा तमाशा कशाला केलास?” गेली तीस वर्षे आमचा हा वाद चालू आहे.

म्हणून मला अमेरिकेतल्या जेम्स स्नॉडग्रास या चित्रकाराविषयी, ‘ट्वेंटी वन’च्याच एका स्पर्धकाविषयी, फार आदर आहे. आधीच मिळालेले प्रश्न आणि उत्तरे लिहून, कार्यक्रम प्रसारित होण्यापूर्वीच त्याने ती नोंदणीकृत टपालाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली आणि लिफाफे न उघडता जपून ठेवले. १९५९च्या नोव्हेंबरात व्हॅन डोरेनने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबुली दिली आणि १९६०मध्ये असे कार्यक्रम ठरवून घडवणे कायद्याने गुन्हा ठरले. तुम्हाला पर्यायी इतिहास लिहायचा असेल, तर ते लिफाफे पोस्टात गहाळ करा आणि तिथून पुढे चला.

त्या इतिहासात व्हॅन डोरेन ‘एनबीसी’ वाहिनीवर मान्यवर विद्वान म्हणून राहिला असता आणि कदाचित स्वतःच सूत्रसंचालक झाला असता. प्रायोजकांची कार्यक्रमांवरची पकड तशीच राहिली असती. प्रत्यक्षात ती सैल होण्यास या घोटाळ्यानेही हातभार लावला. ‘जेपर्डी!’ हा प्रसिद्ध अमेरिकी गेम शो तर जन्मालाच आला नसता. त्याचे निर्माते मर्व्ह ग्रिफिन यांनी सांगितल्याप्रमाणे, घोटाळ्यामुळे वाहिन्या प्रश्नमंजुषांना घाबरतात असा विषय निघाला असताना त्यांच्या पत्नी ज्युलॅन यांनी सुचवले की स्पर्धकांना उघडपणे उत्तरच द्यावे आणि प्रश्न विचारायला लावावा. तो कार्यक्रम १९६४मध्ये आर्ट फ्लेमिंग यांच्यासह सुरू झाला. १९८४पासून ॲलेक्स ट्रेबेक यांनी तो छत्तीस वर्षे सांभाळला. ट्रेबेक यांच्याइतका कोरडा, न्यायाधीशासारखा सूत्रसंचालक लोकप्रिय होऊ शकला, कारण लोकांना एकदा फसवणूक म्हणजे काय ते कळले होते.

‘करोडपती’चेही तसेच आहे. ३ जुलै २०००ला अमिताभ बच्चन यांनी तो सुरू केला आणि त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे यांनी कोटी रुपये जिंकले, तेव्हा आमच्या पेठेत एकानेही ‘हे आधीच ठरलेले असणार’ असे म्हटल्याचे मला आठवत नाही. उत्तर ‘लॉक’ करण्याचा तो विधी मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, कारण निकाल सूत्रसंचालकाच्या मर्जीवर नाही हे तो प्रत्येक प्रश्नाला दाखवून देतो. मूळ ब्रिटिश कार्यक्रमात २००१मध्ये एका स्पर्धकाने खोकल्याच्या खुणांवर दहा लाख पौंड जिंकले, तेव्हा निर्मात्यांनी रक्कम अडवली आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९५६चे निर्माते स्वतः उत्तरे पुरवत होते.

काही गोष्टी मान्य करायला हव्यात. ‘द प्राइस इज राइट’सारखे किमतींचे खेळ या घोटाळ्याविना फारसे वेगळे झाले नसते आणि त्याचे सूत्रसंचालक बॉब बार्कर यांची लोकप्रियता वेगळ्या जातीची होती. आपल्याकडची प्रश्नमंजुषा आकाशवाणी, शाळा आणि सिद्धार्थ बसू यांच्या ‘क्विझ टाइम’मधून वाढली, तिला अमेरिकेची भीती वारशाने मिळाली, असे मी सिद्ध करू शकत नाही. जॅक बॅरीसुद्धा पुढे पडद्यावर परतला आणि १९७२मध्ये सुरू झालेल्या ‘द जोकर्स वाइल्ड’ या गेम शोमध्ये प्रेक्षकांनी त्याला स्वीकारले. दादा हेच उदाहरण मला नेहमी देतो.

परंतु बॅरीला परतण्यासाठी दहाहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली, आणि ती कायदा झाल्यानंतरची वर्षे होती, हे दादा सोयीस्करपणे विसरतो. खडकीच्या त्या बाईंना तर दुसऱ्यांदा बोलावलेच गेले नाही. माझी ती दुरुस्त केलेली प्रत अजून माझ्या कपाटात आहे. शाईने खोडलेला तो तीन अजून स्पष्ट दिसतो. दादाने पुढच्या वेळी घरी आल्यावर ती आधी हातात घ्यावी आणि मग मिक्सरविषयी बोलावे.