आजोबा पडवीत जेवतात

प्रश्न : ताई, आम्ही कराडजवळ राहतो. घरात सासरे (वय ७९), आम्ही दोघं आणि पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. सासरे १९९९पासून राष्ट्रवादी काँग्रेसच्या घड्याळाला मत देत आले, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. २०२३मध्ये पक्ष फुटला, २०२४च्या लोकसभेआधी घड्याळ दुसरीकडे गेलं आणि त्यांच्या उमेदवाराला 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळाला. मुलाचं मत वेगळं. तरी ७ मे रोजी तो रात्रीच्या एसटीने आला, पहिलंच मतदान म्हणून आजोबांना स्कूटरवर बसवून केंद्रावर घेऊन गेला. दोघांच्या शाई लावलेल्या बोटांचा फोटो अजून माझ्या मोबाइलवर आहे.

४ जूनला निकाल लागला. साताऱ्यात त्यांचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला, आणि तुतारीशी गल्लत होईल अशा पिपाणीच्या चिन्हावर उभ्या राहिलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मतं. सासरे म्हणाले, "लोक फसले." मुलगा पटकन बोलून गेला, "ज्यांना तुतारी आणि पिपाणी ओळखता येत नाही, त्यांनी मतदानाला जाऊच नये." सासरे ताट तसंच ठेवून उठले. तेव्हापासून ते पडवीत एकटे जेवतात. मुलगा पुण्याला निघाला तेव्हा त्याला भेटायलाही बाहेर आले नाहीत. एप्रिलमधल्या वर्तमानपत्राचं एक पान मात्र त्यांनी दोनदा मागून घेतलं आणि भिंग लावून बघत बसले. त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. मी घरात बातम्या आणि राजकारण दोन्ही बंद करून टाकलंय. हे बरोबर केलं ना? मुलगा आषाढीला येणार आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वर्तमानपत्राच्या पानाचं. त्या पानावर चिन्हं छापली असणार, असं मी धरून चालते. निकाल लागून गेल्यावर, भिंग घेऊन, ७९ वर्षांचा माणूस चिन्हं कशाला बघेल? मला वाटतं, आपण त्या दिवशी नेमकं कोणतं बटण दाबलं, हे ते आठवून बघताहेत.

हा माझा अंदाज आहे, चुकूही शकतो. पण मी शाळेत शिक्षिका होते आणि निवडणुकीच्या कामावर बऱ्याच वेळा गेले आहे, शेवटी केंद्राध्यक्ष म्हणूनही. यंत्राकडून परत वळलेली म्हातारी माणसं माझ्यापाशी थांबून विचारायची, "बाई, बरोबर लागलं का हो?" त्याचं उत्तर माझ्याकडे नसायचं, कुणाकडेच नसतं. आता काचेआड चिठ्ठी दिसते, तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं, पण ती सात सेकंदांत खाली पेटीत पडते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला काच, उजेड आणि बारीक अक्षरं हे सगळं सात सेकंदांत जमवायचं म्हणजे सोपं नाही. त्यात २५ वर्षं बोटाला घड्याळाची सवय. नवं चिन्ह फेब्रुवारीच्या शेवटी मिळालं, मतदान मेच्या पहिल्या आठवड्यात. मुलगा म्हणेल, यंत्रावर फोटोही असतो. असतो, पण तो केवढा असतो, हे त्याने विशीच्या डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मुलाच्या वाक्याने सासऱ्यांचा पक्ष दुखावला असेल असं मला वाटत नाही. हरणं-जिंकणं त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. जी शंका ते स्वतःशीही धड बोलले नव्हते, तीच नातवाने चारचौघांत, टीव्हीसमोर बोलून दाखवली. आणि तीही कुणी? ज्याच्या स्कूटरवर मागे बसून ते केंद्रावर गेले, त्याने.

आता तुमच्या बंदीबद्दल. ती उठवा, असं मी अगदी कळकळीने सांगते. त्यामागे आमच्या घरातली एक गोष्ट आहे.

आमचं घर मिरजेचं. वडील काँग्रेसचे, काका विरोधातले. आणीबाणीत काकांना मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. १९७७च्या मार्चमध्ये मी १८ वर्षांची होते. तेव्हा मताचं वय २१ होतं, त्यामुळे मला मत नव्हतं, पण त्या रात्री रेडिओपाशी मीही जागी होते. रायबरेलीत इंदिराबाई पडल्याची बातमी आली आणि काका सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवत माजघरभर फिरले. शेजाऱ्यांना उठवलं. वडील झोपाळ्यावरून उठले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "या घरात राजकारणाचा विषय पुन्हा निघता कामा नये." तो निघाला नाही. सकाळी दोघं भाऊ एकच वर्तमानपत्र पानं वाटून घेत मोठ्याने वाचायचे, तेही थांबलं. ऊस, पाऊस, आमची लग्नं, सगळ्यावर बोलणं व्हायचं. वडील १९८८मध्ये गेले.

आईने मला पुढे कधीतरी सांगितलं. काका आत असताना वडील रात्रीच्या गाडीने पुण्याला जायचे, तुरुंगाच्या दारात रांगेत उभे राहायचे, धुतलेले कपडे आणि दंतमंजन पोहोचवायचे. त्यांच्या पक्षातले लोक त्यावरून त्यांना टोचून बोलायचे. त्या रात्री वडिलांना पक्ष पडल्याचं जेवढं लागलं, त्याहून जास्त हे लागलं, की काकांनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला आणि झोपाळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांना हे कधी कळलं नाही. ते विचारणार तरी कसे? विषयच बंद होता.

तेव्हा बातम्या सुरू करा. जेवताना टीव्ही नको, एवढं पुरे. वर्तमानपत्र सासऱ्यांच्या हातात द्या आणि एखादी बातमी त्यांनाच वाचून दाखवायला सांगा.

मुलाशी फोनवर बोला, पण माझा अंदाज त्याला सांगताना जपून सांगा. नाहीतर तो येऊन "आजोबा, तुम्ही चुकून पिपाणी दाबलीत का?" असं विचारेल, आणि ते सगळ्यात वाईट. हा प्रश्न घरात कुणीही, कधीही विचारायचा नाही. तुमचे यजमान "होईल शांत" म्हणत असतील, तर त्यांनाही हे सांगून ठेवा. मुलाने त्याचं मत बदलायची गरज नाही, आजोबांना ते आवडणारही नाही. "मतदानाला जाऊच नये" हे त्याचं वाक्य चुकलं, एवढंच त्याने म्हणावं. तेही फोनवर नाही, पडवीत त्यांच्याशेजारी बसून. एकादशीला ताटं नसतीलच, साबुदाण्याची खिचडी असेल. दोन बश्या तिकडेच न्यायला सांगा त्याला.

आणखी एक कामाची गोष्ट. पुढच्या मतदानासाठी ती लक्षात ठेवा. घरून मतदानाची सोय २०२४च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्यांना होती, त्यात सासरे बसत नाहीत. नजरेमुळे चिन्ह ओळखता येत नसेल तर केंद्राध्यक्षांना सांगून १८ वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. त्याला गुप्तता पाळण्याचं लिहून द्यावं लागतं, आणि एका माणसाला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं. पण तुमच्या सासऱ्यांना हे रुचेल असं मला पत्रावरून वाटत नाही. त्यांना स्वतःच दाबायचं असेल. दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मुलगा घरी असेल तेव्हाचीच घ्या, आणि डॉक्टरांकडे त्यालाच घेऊन जाऊ दे. स्कूटरवरून नको मात्र, रिक्षा करा.