झेक्ट, शॅम्पेन आणि एका नटाची ऑर्डर

मेव्हण्यांनी जर्मनीहून आणलेली बाटली ‘जर्मन शॅम्पेन’ असेल, तर लेबलवर ‘झेक्ट’ का, असं तुम्ही विचारलंय. (उच्चार झेक्टच, दक्षिणेकडे ‘सेक्ट’ही कानावर येईल.)

झेक्ट म्हणजे जर्मनांची फसफसणारी वाइन. शॅम्पेन हे नाव फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांताचं, ते लिहायला जर्मनांना मनाई आहे. १९१९च्या व्हर्सायच्या तहात ती अट घातली गेली. तोवर जर्मन कारखानदारही बिनदिक्कत शॅम्पेनच छापायचे. बनवायची विद्याही फ्रान्सचीच: तिथल्या रँस शहरात शॅम्पेन बनवणाऱ्या व्हव क्लिको कंपनीत मुरलेल्या गेओर्ग केसलरने १८२६ साली जर्मनीत एसलिंगनमध्ये कारखाना काढला, तो आजही चालू आहे.

आता नाव. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकातला फॉल्स्टाफ सारखा ‘सॅक’ मागतो. सॅक म्हणजे स्पेनची कडक वाइन, शेरीची थोरली बहीण. तिचा बुडबुड्यांशी काही संबंध नाही. जर्मन भाषांतरात तिचं ‘झेक्ट’ झालं. बर्लिनचा गाजलेला नट लुडविग डेव्रिएंट ही भूमिका करायचा. १८२५च्या सुमारास प्रयोग संपवून तो लुटर उंड वेगनर या आपल्या नेहमीच्या गुत्त्यात शिरला आणि फॉल्स्टाफच्याच थाटात ओरडला, “झेक्ट आण रे, बदमाशा!” वेटरला गिऱ्हाईक पाठ होतं, त्याने रोजची शॅम्पेन आणून ठेवली. तिथून नाव पसरलं म्हणतात. नटांच्या गोष्टींना मीठमसाला लागतोच, पण शब्दकोशवालेही याच गोष्टीकडे बोट दाखवतात.

झेक्टवर वेगळा करही आहे. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, आरमारासाठी १९०२ साली बसवला. आरमार बुडालं, कर मात्र १९३३ ते ३९ एवढी वर्षं सोडली तर चालूच आहे: पाऊण लिटरमागे १ युरो २ सेंट.

तुमच्या बाटलीवर नुसतं ‘झेक्ट’ आहे की ‘डॉइचर झेक्ट’, ते बघा. नुसतं असेल तर आतली मूळ वाइन बहुधा इटलीची नाहीतर स्पेनची. द्राक्षंही जर्मनीचीच हवी असतील तर ‘डॉइचर’ लागतं. आणि ‘ट्रोकन’ला फसू नका. त्याचा अर्थ कोरडी, पण झेक्टमध्ये ट्रोकन म्हणजे लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर, चांगलीच गोडसर. कमी गोड हवी तर ‘ब्रूट’ मागवा, १२ ग्रॅमच्या आत. थंडगार करा, आणि बूच धरून ठेवून बाटली फिरवा. आत साडेतीन बारच्या वर दाब असतो (बार हे दाब मोजायचं एकक).