सहा मित्र मिळून ऑक्टोबरफेस्ट आणि युरोप करायचं आहे, प्लॅनिंग कुठून सुरू करावं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजचे सहा मित्र आहात, दहा दिवसांची सुट्टी जमतेय आणि म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टसोबत (मोठ्या मैदानावर तंबूंमध्ये भरणारा बिअरचा उत्सव) पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड आणि प्राग असं सगळं 2026 च्या सप्टेंबरमध्ये एका फेरीत उरकायचंय. मी दोनदा जाऊन आलोय. 2018 मध्ये सात जण होतो, 2023 मध्ये पाच जण. पहिल्या वेळी बेत जवळपास तुमच्यासारखाच होता आणि तो कुठे कुठे फसला हे मला चांगलं आठवतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी यादीतून पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि स्वित्झर्लंड काढून टाका. मन मोडतंय हे कळतं, पण दहातले जवळपास दोन दिवस विमानातच जातात. उरले आठ. त्यात सहा जणांनी आंघोळी उरकायच्या, बॅगा भरायच्या, हॉटेल सोडायचं, स्टेशन गाठायचं आणि नव्या गावात पुन्हा हॉटेल शोधायचं, यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो. आम्ही 2018 ला पाच शहरं केली. आज फोटो बघताना कुठला पूल कुठल्या गावातला, यावरून आमच्यात वाद होतात. 2023 ला फक्त बव्हेरिया, म्हणजे म्युनिक ज्यात आहे ते जर्मनीतलं राज्य, आणि शेवटी प्राग केलं. त्यातला एकेक दिवस अजून जसाच्या तसा आठवतो.

आता तारखा. नाव ऑक्टोबरफेस्ट असलं तरी त्याचा बराचसा भाग सप्टेंबरमध्येच होतो. 2026 ला 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर आहे. इकडे 14 सप्टेंबरला गणेश चतुर्थी, 25 ला अनंत चतुर्दशी आणि लगेच पितृपक्ष. तिकीट काढण्याआधी प्रत्येकाने घरी विचारून घ्या. कोणाकडे दहा दिवसांचा गणपती असतो, कोणाच्या वडिलांची तिथी त्याच पंधरवड्यात येते. आमच्यातला एक जण याच कारणाने ऐनवेळी गळला आणि त्याचे तिकिटाचे पैसे बुडाले. 2023 ला आम्ही गौरी-गणपतीचं विसर्जन करून त्याच रात्री निघालो, कोणाच्याही घरी कुरबुर झाली नाही. तुमच्यासाठी अनंत चतुर्दशीनंतर निघणं सोयीचं दिसतंय. सोमवार 28 सप्टेंबर ते गुरुवार 1 ऑक्टोबर यातला एखादा दिवस उत्सवाच्या मैदानासाठी ठेवा.

दिवस कुठला निवडता यावर सगळं अवलंबून आहे, आणि आमची मोठी चूक तिथेच झाली होती. 2018 ला आम्ही पहिल्याच शनिवारी गेलो. त्या दिवशी दुपारी बारा वाजता शॉटनहामेल या तंबूत म्युनिकचे महापौर पहिल्या पिंपाला तोटी ठोकतात आणि ‘ओ’त्साप्फ्ट इस’ म्हणजे ‘पिंप उघडलं’ अशी आरोळी देतात. ते बघायची हौस होती. साडेदहाला पोचलो तर मोठ्या तंबूंची दारं बंद, बाहेर रांगा. गर्दीत आमची ताटातूट झाली, फोन लागेनात आणि एक मित्र थेट रात्री हॉटेलवरच भेटला. तोपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता. एवढे पैसे खर्चून गेलेल्या सात जणांना एका टेबलावर बसायला मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मधला शनिवार तर त्याहून वाईट असतो. 2025 ला त्या दिवशी इतकी गर्दी झाली की अख्खं मैदानच काही वेळ बंद करावं लागलं.

2023 ला मंगळवारी सकाळी अकराला आम्ही ऑगस्टिनरच्या तंबूत शिरलो. रिझर्व्हेशन नव्हतं, तरी लांब बाकांवर जागाच जागा. आमच्या टेबलावर सत्तरीतलं एक स्थानिक जोडपं आधीच बसलेलं. आजोबा कातडी चड्डीत, म्हणजे लेडरहोझनमध्ये, आणि आजी डिर्न्डल नावाच्या त्यांच्या पारंपरिक पोशाखात. तिथे अनोळखी लोकांच्या टेबलावर बसायची पद्धतच आहे, फक्त आधी विचारायचं. या तंबूत बिअर अजून लाकडी पिंपातून काढतात. वाढणारी बाई एका खेपेत दहा मग छातीशी धरून आली आणि टेबलावर ठेवले तेव्हा एक थेंब सांडला नाही. आजोबांनी आम्हाला मग धरायला शिकवलं. मगाच्या कानात नुसती बोटं अडकवायची नाहीत, पंजा आत घालून अख्खा मग तळहातावर तोलायचा. आणि ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मगाकडे नाही. आमच्यातल्या एकाची नजर मगावर गेली तर आजींनी त्याला पुन्हा करायला लावलं. संध्याकाळी सहापर्यंत बँड हळू आवाजात वाजवायचा असा तिथे नियम आहे, त्यामुळे दुपारी गप्पा मारता येतात. आम्ही त्यांच्याशी दोन तास बोललो, मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांनी. ट्रिपमधलं मला सगळ्यात आवडलेलं काय विचाराल तर ते दोन तास.

म्हणून सांगतो, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते चार मैदानात राहा आणि संध्याकाळी बाहेर पडा.

रिझर्व्हेशनबद्दल बरेच गैरसमज आहेत. मैदानात जायला तिकीट नाही. प्रत्येक तंबू आपापल्या वेबसाइटवर बुकिंग घेतो, टेबल साधारण आठ ते दहा जणांचं असतं आणि माणशी खाण्यापिण्याची कुपनं आधीच विकत घ्यावी लागतात. सहा जणांनी दहा जणांची कुपनं घेण्यात काही अर्थ नाही. भलत्याच साइटवर चढ्या भावाने टेबलं विकणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. शिवाय तंबूत जागा मिळाल्याशिवाय बिअर मिळत नाही हे लक्षात ठेवा, उभ्या-उभ्या काउंटरवरून घेऊ असं तिथे चालत नाही. आत भरलेलं असेल तर तंबूच्या बाहेरच्या अंगणातल्या बाकांवर प्रयत्न करा.

पैशांचा अंदाज देतो. 2025 ला एका मगाचा भाव तंबूप्रमाणे 14.50 ते 15.80 युरो होता, आणि दरवर्षी तो थोडा वाढतोच. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी एक मग दीड हजाराचा. मग आला की लगेच पैसे द्यायचे, वर थोडी टिप, आणि रोख असलेली बरी. म्हणून सुटे युरो जवळ ठेवा.

या मगाला ‘मास’ म्हणतात, तो पूर्ण एक लिटरचा असतो आणि या सणासाठी मुद्दाम बनवलेल्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण 6 टक्के असतं. आपल्याकडच्या 650 मिलीच्या बाटलीशी तुलना करा. दोन मास म्हणजे तीन बाटल्या. चव इतकी हलकी की पिताना कळत नाही, उठल्यावर कळतं. रिकाम्या पोटी बसू नका. पहिल्या मगासोबत ब्रेत्झन (पीळ घातलेला खारा पाव) किंवा अर्धी भाजलेली कोंबडी घ्या, मग तासभर मैदानात फिरा आणि हवा असेल तरच दुसरा घ्या. कोण किती पितो यावरून ग्रुपमध्ये कोणालाही टोचून बोलायचं नाही, हे निघण्याआधीच ठरवा. आमच्यातला एक मित्र अजिबात पीत नाही. त्याने त्याच लिटरच्या मगातून बिनअल्कोहोलची बिअर घेतली आणि आमच्याइतकीच मजा केली. कोला आणि संत्र्याचं श्पेट्सी नावाचं पेयही मिळतं. शाकाहारी असाल तर केझ-श्पेट्झल मागा, शेवयांच्या जाड भावासारखा प्रकार असतो, वर वितळलेलं चीज आणि तळलेला कांदा. बटाट्याची धिरडी सफरचंदाच्या गोड चटणीसोबत मिळतात, तीही छान.

खर्चाची वाटणी हा मैत्री तुटण्याचा विषय आहे, तो हलक्यात घेऊ नका. आम्ही दुसऱ्या वेळी एकच नियम केला: राहणं, रेल्वे आणि नाश्ता यांची कॉन्ट्री, बिअर ज्याची त्याने. रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटांत हिशेब. परत आल्यावर कोणाचं कोणाकडे काही निघालं नाही.

राहायला म्युनिकच हवं असं नाही. त्या दोन आठवड्यांत तिथले हॉटेलचे भाव फार चढतात. आम्ही आउग्सबुर्गला राहिलो, साध्या रेल्वेने पाऊण तास. गाव सुंदर आहे आणि तिथे फुगराई नावाची वस्ती आहे. याकोब फुगर या धनाढ्य सावकाराने 1521 मध्ये गरजूंसाठी बांधलेली घरं, आजही लोक तिथे राहतात आणि वर्षाचं भाडं 0.88 युरो. हो, वर्षाचं. त्यांनी रोज तीन वेळा प्रार्थना म्हणायची अशीही अट आहे. मी तिथे तासभर एका बाकावर बसून होतो.

पाच जणांपर्यंत एकत्र चालणारं ‘बायर्न तिकीट’ घ्या. त्यावर अख्ख्या बव्हेरियात साध्या गाड्यांनी दिवसभर फिरता येतं आणि सीमेपलीकडच्या साल्झबुर्गपर्यंतही जाता येतं. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर चालू होतं. तुम्ही सहा आहात, म्हणजे तिघा-तिघांची दोन तिकिटं काढा. एक सांगून ठेवतो, बिअर घेतल्यावर भाड्याची ई-स्कूटर चालवू नका. जर्मनीत दारूच्या बाबतीत तिला गाडीचेच नियम लागू आहेत.

व्हिसाला सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तेवढ्या आधीच लागा, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं कठीण जातं. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, तुमच्या बाबतीत जर्मनी. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा. सहाही जणांनी एकच कार्यक्रमपत्रिका आणि एकाच हॉटेलचं बुकिंग जोडा. कोणाच्या अर्जात प्राग दोन रात्री आणि कोणाच्यात तीन, असं नको.

मैदानात वीस सेंटिमीटरपेक्षा मोठी सॅक आत सोडत नाहीत, ती खोलीवरच ठेवा. ताटातूट झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. पश्चिमेच्या कडेला बव्हेरियाचा अठरा मीटर उंच ब्राँझचा पुतळा आहे, त्याच्या पायऱ्या हे सोपं ठिकाण, कुठूनही दिसतो. मैदानाचं नाव थेरेझिएनवीझ. 1810 च्या ऑक्टोबरमध्ये युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेझे यांच्या लग्नानिमित्त इथे घोड्यांच्या शर्यती झाल्या, तिच्याच नावावरून मैदानाचं नाव पडलं. म्हणून म्युनिककर या उत्सवाला नुसतं ‘वीझन’ म्हणतात.

आणि समजा तारखा किंवा बजेट जमलंच नाही, तर स्टुटगार्टचा कानस्टाटर फोक्सफेस्ट बघा, साधारण त्याच दिवसांत असतो. मुंबईचं हे भगिनी शहर, 1968 पासून. 1815 ला इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली आणि लोक उपाशी मेले. त्यातून सावरल्यावर 1818 मध्ये तिथल्या राजाने शेतकऱ्यांसाठी हा मेळा सुरू केला. बिअर तितकीच चांगली आणि स्थानिक लोक जास्त.

आता शेवटचे तीन दिवस. विमानाचं तिकीट जाताना म्युनिक आणि येताना प्रागहून काढा, म्हणजे उलटं यावं लागत नाही. म्युनिकहून प्रागची रेल्वे वाटेत पिल्सेनला थांबते. तिथे उतरा. सामान स्टेशनवर ठेवा आणि चालत पिल्सनर उर्केलची ब्रुअरी (बिअरचा कारखाना) गाठा. आज जगभर जिला पिल्सनर म्हणतात ती सोनेरी बिअर 1842 मध्ये इथे पहिल्यांदा बनली आणि बनवणारा योझेफ ग्रोल बव्हेरियाचा होता, म्हणजे तोही तुमच्यासारखाच बव्हेरियातून आलेला. टूरच्या शेवटी जमिनीखालच्या तळघरात नेतात. आत चांगलीच थंडी असते, जॅकेट लागतं. तिथे ओक लाकडाच्या पिंपातून न गाळलेली, किंचित गढूळ बिअर छोट्या ग्लासात देतात. आम्ही पाच जण त्या ओल्या भिंतीला टेकून उभे होतो, ग्लास रिकामे झाले तरी कोणी वर जायचं नाव काढेना.