मोल आला की डोकं बंद!

प्रश्न: ताई, मी एफवायबीएससीला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. आता लेक्चरमध्ये मोल, मोलॅरिटी सुरू झालं की सगळं डोक्यावरून जातं, बाकीचे पटापट उत्तरं देतात आणि मी गप्प. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर: अगं, कमी वगैरे काही नाही गं. केमिस्ट्री कशी शिकवावी यावर संशोधन करणारे ग्लासगोचे अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये मांडलं होतं की केमिस्ट्रीत तीन पातळ्या असतात, डोळ्यांना दिसतं ते, न दिसणारे रेणू आणि वहीतली सूत्रं, शिकवणारे या तिन्हीत सहज उड्या मारतात आणि नवीन मुलाच्या डोक्यावर सगळा भार एकदम येतो. पाणीच घे. १८ ग्रॅम, म्हणजे चार चमचेसुद्धा नाही, आणि त्यात ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात इतके रेणू! हाच एक मोल. पुढचं मोलॅरिटीचं (एक लिटर द्रावणात किती मोल) वगैरे गणित म्हणजे बहुतेक आपलं शाळेतलं त्रैराशिकच, ते कच्चं असेल तर आधी तेच पक्कं कर, केमिस्ट्रीला नंतर शिव्या दे. इंग्रजी शब्दांची अडचण खरी आहे, पण साधारण सेमिस्टरभरात कान सरावतो, तोवर समासात मराठी शब्द लिहीत जा, कोणी हसलं तर हसू दे. आणि प्रॅक्टिकलला ग्रुपमधला एकच जण टायट्रेशन (एक द्रावण थेंबथेंब घालून दुसऱ्याचं प्रमाण काढणं) करतो, बाकीचे रीडिंग उतरवतात, हे मला अजिबात पटत नाही. ब्युरेट, म्हणजे ती खुणा असलेली तोटीची नळी, स्वतः धर. फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे रंग बदलणारं सूचक, एका थेंबात गुलाबी होतं ना, तेव्हा एंड पॉइंट, म्हणजे कुठे थांबायचं ते, कळतो.