दुनळीच्या नळीतले करडे पट्टे

प्रश्न : आमच्या १२ बोअरच्या दुनळीत आतून करडे पट्टे दिसतात. तेलाच्या चिंधीने जात नाहीत. काय वापरावे? – एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा, मगच नळ्या दस्त्यापासून सोडवा. चकाकणारे करडे पट्टे बहुधा शिशाचे असतात. काडतुसाच्या घरापुढे नळी निमुळती होते तिथे शिसे जास्त साचते. लाकडी किंवा पितळी गज, फॉस्फर ब्राँझचा ब्रश आणि लोकरीचा बोळा घ्या. नळी आतून सुमारे १८.५ मिमी असते; १६ बोअरचा, म्हणजे त्याहून अरुंद नळीचा, ब्रश ढिला पडून नुसता सरकतो. सॉल्व्हेंट (नळी साफ करायचे द्रावण) लावून दहा मिनिटे मुरू द्या. ब्रश मागून घालून तोंडातून पूर्ण बाहेर काढा, मध्येच उलटा ओढलात तर तारा मुडपतात. पांढरी चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हेच करा.

तांबूस डाग मात्र गंजाचा. त्यावर पॉलिश पेपर कधीच नको. परवानाधारक कारागिराला दाखवा.

शेवटी तेलाचा पातळ हात पुरे. जास्तीचे तेल ओघळून दस्त्याचे लाकूड मऊ पडते. पाटणच्या पावसाळ्यात बंदूक चामडी म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरते. वापरण्यापूर्वी नळीतले तेल कोरडे पुसा.