आजीच्या घराला रस्त्याकडे खिडकी का नाही?

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, आजीच्या घराला रस्त्याकडे एकही खिडकी का नाही? किल्ल्यासारखं वाटतं." इथे दुबईत काचेच्या इमारतीत राहतो ना, म्हणून तुझा प्रश्न डोक्यातून जाईना.

ती भिंत दोन हात जाड आहे. आतून-बाहेरून काळ्या दगडाचे दोन थर आणि मध्ये माती-दगडगोट्यांची भर. दुपारचं ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. उन्हातून ढाळजेत, म्हणजे मोठ्या दाराला लागून असलेल्या बैठकीत, पाऊल टाकलंस की गार वाटतं ते त्यामुळेच. शिवाय खिडकीतून चोरही आला असता. पूर्वी गावांवर पेंढाऱ्यांच्या धाडी पडायच्या. 1817-18 मध्ये त्यांचा बीमोड झाला, पण घरं बांधायची रीत तीच राहिली. मोठ्या दारामागचा लाकडी अडसर एकदा ओढून बघ, केवढा जड आहे!

आपल्या घराचं तोंड आत, चौकाकडे आहे. उजेड, वारा, पाऊस सगळं तिथूनच. माजघरात मात्र वरच्या सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, उजेड येतो. घराचं छत म्हणजे माळवद, लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी सहसा झिरपू देत नाही. शेत ती काळी आणि गाव ती पांढरी, असं आपल्याकडे म्हणतात. पावसाळ्याआधी आजोबा नवी माती पसरायचे आणि मी घमेली वाहायचो.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशाच भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली. भिंतीचे दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगडच बहुतेक घरांत नव्हते. पण छताचा भार लाकडी खांबांवर होता तिथे बऱ्याच ठिकाणी भिंत पडूनही माळवद उभं राहिलं. म्हणून गेल्या वर्षी मी आपल्या भिंतीत आरपार काँक्रीटचे सांधे भरून घेतले. भिंतीवर मध्ये मध्ये सिमेंटचे ठिपके दिसतात, ते तेच.

दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर खणांनीच मोजतात. आपलं घर किती खणांचं, ते आधी तू मोज, मग आजीला विचार. रविवारी फोन करतो, तेव्हा सांग.

तुझा,
बाबा